फीत कापल्यानंतरची दहा वर्षं

मार्च २०१२ मध्ये युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेनं एक चांगली बातमी जाहीर केली. पिण्याच्या सुरक्षित पाण्यापासून वंचित असलेल्यांचं प्रमाण निम्म्यावर आणायचं, हे संयुक्त राष्ट्रांच्या सहस्रक विकास उद्दिष्टांमधलं लक्ष्य मुदतीच्या पाच वर्षं आधीच, २०१० मध्ये गाठलं गेलं होतं. पुढे २०१५ मध्ये मुदत संपली तेव्हा याच दोन संस्थांनी हिशेब मांडला: 'सुधारित स्रोत' नसलेली माणसं जगात ६६ कोटी ३० लाख उरली आहेत. मग शाश्वत विकास उद्दिष्टं आली आणि त्यांच्याबरोबर नवी मोजपट्टी आली. पाणी घराच्या आवारात येतं का, लागेल तेव्हा मिळतं का, त्यात मैला किंवा घातक रसायनं नाहीत ना, हे तीन प्रश्न त्याच २०१५ सालाबद्दल विचारले गेले. २०१७ च्या अहवालात उत्तर आलं: २१० कोटी माणसं अशा पाण्यावाचून आहेत.

मधल्या दोन वर्षांत जवळपास दीडशे कोटी लोकांचं पाणी कुणी पळवलं नव्हतं. आधीच्या पट्टीनं हापसा, विहीर, सार्वजनिक नळ मोजला होता. नव्या पट्टीनं पाणी मोजलं.

आंतरराष्ट्रीय विकास प्रकल्प जागतिक उद्दिष्टांना किती हातभार लावतात, या वादात दोन पक्ष ठरलेले आहेत. एक पक्ष बांधलेल्या शाळा, टोचलेल्या लशी आणि बसवलेली सौर पॅनेलं यांची यादी वाचतो. दुसरा पक्ष सगळा पैसा सल्लागारांच्या विमानप्रवासात आणि सत्ताधाऱ्यांच्या खिशात गेला असं म्हणून मोकळा होतो. गंमत अशी की दोघांचीही नजर एकाच मुदतीवर खिळलेली असते: प्रकल्प मंजूर झाल्यापासून पूर्णत्वाचा अहवाल सादर होईपर्यंतची तीन ते पाच वर्षं. माझं म्हणणं असं की खरा हिशेब त्या मुदतीनंतर सुरू व्हायला हवा. निधी देणारा निघून गेल्यावर दहा वर्षांनी जे चालू असेल तेवढंच उद्दिष्टांच्या खात्यात जमा धरावं. उरलेल्याला खर्च म्हणावं, फार तर सदिच्छा म्हणावी.

ही कसोटी कडक आहे, मान्य. पण परिस्थितीही तशीच आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सदस्य देशांनी १७ शाश्वत विकास उद्दिष्टं आणि १६९ लक्ष्यं स्वीकारली, मुदत २०३० ची. संयुक्त राष्ट्रांचाच २०२५ चा अहवाल सांगतो की ज्यांची मोजदाद शक्य आहे अशा लक्ष्यांपैकी फक्त ३५ टक्के मार्गावर आहेत किंवा बऱ्यापैकी पुढे सरकताहेत. जवळपास निम्म्यांची गती फारच कमी आहे, आणि १८ टक्के लक्ष्यं २०१५ च्याही मागे गेली आहेत. करोना, युद्धं, कर्जं ही कारणं आहेतच. तरीही एकदा मिळवलेलं टिकत का नाही, हा प्रश्न उरतो.

प्रकल्पांकडून अपेक्षा किती ठेवायची, याचंही भान हवं. गेल्या चाळीस वर्षांत चीनमध्ये जवळपास ८० कोटी लोक अतिदारिद्र्यातून बाहेर आले, आणि ते परदेशी प्रकल्पांमुळे आले असं कुणीही गंभीरपणे म्हणत नाही. आकड्यांतही तेच दिसतं. २०२४ मध्ये श्रीमंत देशांनी दिलेली अधिकृत विकास मदत सुमारे २१ हजार २०० कोटी डॉलर होती. उद्दिष्टं गाठायला विकसनशील देशांना कमी पडणारी रक्कम वर्षाला ४ लाख कोटी डॉलर असल्याचं संयुक्त राष्ट्रं सांगतात. जवळपास वीसपट फरक आहे. एवढं मोठं खिंडार प्रकल्पांच्या पैशानं बुजणार नाही. म्हणून प्रकल्प किती पैसा आणतो यापेक्षा मागे काय ठेवून जातो, हेच पाहण्यासारखं आहे.

हापशाचंच उदाहरण पुढे नेऊ. विंधण विहिरीत चाळीस-पन्नास मीटर खोल एक सिलिंडर असतो, त्यात वर-खाली होणारा दट्ट्या, आणि दट्ट्याला वॉशर. वॉशर झिजणारच, तो झिजण्यासाठीच असतो. तो स्वस्त असतो, मुठीत मावतो. पण जुन्या पद्धतीच्या हापशात तो बदलायचा तर तीन-तीन मीटरचे सगळे लोखंडी पाइप एकेक करून वर ओढावे लागतात. त्यासाठी तिवई लागते, शिकंजे लागतात, चार-पाच धट्टीकट्टी माणसं लागतात. पाणी आम्लधर्मी असेल तर जस्ताचा मुलामा दिलेले पाइप काही वर्षांत सडतात, पाणी तांबूस येतं, त्याला लोखंडाची चव लागते, आणि बायका मुकाट्यानं पुन्हा डबक्याची वाट धरतात. सहाराच्या दक्षिणेकडल्या आफ्रिकेत कुठल्याही दिवशी साधारण एक तृतीयांश हापसे बंद असतात, हा अंदाज या क्षेत्रात वर्षानुवर्षं सगळ्यांना माहीत आहे. त्यांतला प्रत्येक हापसा बसवला त्या दिवशी चालू होता आणि त्या दिवशीच मोजला गेला होता.

याचा दोष सहसा गावाला दिला जातो: लोकांना आपुलकी नाही, जागृती नाही. या खुलाशाचा मला राग येतो. शहरातला कुणीही माणूस आपल्या नळाच्या मुख्य वाहिनीची दुरुस्ती शेजाऱ्यांची समिती नेमून करत नाही. त्यासाठी खातं असतं, पगारी माणूस असतो, गोदामात सुटे भाग असतात. गरिबातल्या गरिबांनी मात्र एका दिवसाच्या प्रशिक्षणावर आणि एका पान्यावर पंचवीस वर्षं यंत्र चालवावं, अशी अपेक्षा ठेवली जाते. ही अपेक्षा कागदावर 'लोकसहभाग' या नावानं येते. बरेचदा तिचा खरा अर्थ इतकाच असतो की देखभालीचा रकाना अंदाजपत्रकातून वगळला.

रकाना ठेवला की काय होतं, हेही दिसलेलं आहे. केनियातल्या क्यूसो भागात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी हापशांच्या दांड्यांत छोटे प्रक्षेपक बसवले. दांडा किती हलला याची नोंद मोबाइलच्या संदेशानं कार्यालयात जायची. दांडा हलायचा थांबला की मेकॅनिक निघायचा. बंद हापसा दुरुस्त व्हायला आधी सरासरी २७ दिवस लागत, ते तीन दिवसांच्या आत आले. पुढे यातूनच स्थानिक देखभाल कंपनी उभी राहिली. लोक नियमित थोडे पैसे देतात आणि त्या बदल्यात हापसा ठरलेल्या दिवसांत चालू करून मिळतो. वर्गणीतून सगळा खर्च निघत नाही, बाहेरून भर घालावीच लागते. त्यात वावगं काय? श्रीमंत देशांतल्या पाणीयोजनाही उभारणीच्या वेळी सरकारी पैशावरच वाढल्या.

मोजणीनंतरच्या काळाकडे पाठ फिरवल्याची सगळ्यांत भयंकर किंमत बांगलादेशानं मोजली. १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीनं तिथे कूपनलिका खोदण्याची मोहीम सुरू झाली. तळ्यांचं पाणी जंतूंनी भरलेलं होतं, अतिसारानं लहान मुलं दगावत होती. उथळ कूपनलिका हा स्वस्त आणि समंजस उपाय होता, आणि बालमृत्यू घटण्यात त्याचा वाटा मानला जातो. लोकांनी पुढे स्वतःच्या पैशानं लाखो कूपनलिका खोदल्या. टिकाऊपणाच्या कसोटीला ही योजना उतरली, म्हणावं तर जरा जास्तच उतरली. कारण जमिनीखालच्या गाळातून त्या पाण्यात आर्सेनिक येत होतं. त्याला रंग नाही, वास नाही. १९९३ मध्ये ते अधिकृतपणे आढळलं. २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात त्याचं वर्णन इतिहासातली सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा असं झालं. साडेतीन ते पावणेआठ कोटी लोक धोक्यात असल्याचा तो अंदाज होता. लोक आगीतून फुफाट्यात पडले.

त्या काळी पाण्यात आर्सेनिक आहे का हे तपासण्याचा प्रघात नव्हता, हा बचाव मी मान्य करतो. पुढे जे झालं त्याला मात्र हा बचाव लागू पडत नाही. शतक पालटताना मोठी मोहीम काढून जवळपास ५० लाख कूपनलिका तपासल्या गेल्या. दूषित असेल तिच्या तोंडाला लाल रंग, चांगल्या कूपनलिकेला हिरवा. लोकांनी या रंगांचं ऐकलं. लाल नळ सोडून शेजारच्या हिरव्या नळावर जाणारी कुटुंबं लाखांनी होती. मग मोहीम संपली. ऊन-पावसात रंग उडाले, नव्या खाजगी कूपनलिका खोदल्या जात राहिल्या आणि त्या तपासायला कुणी आलं नाही. पाणी तपासणं हे दरवर्षीचं काम आहे. ते मोहिमेत बसवलं की मोहिमेबरोबरच संपतं.

याच्या उलट उदाहरण द्यायचं तर मी पश्चिम आफ्रिकेतल्या नदी-अंधत्वाच्या मोहिमेचं देईन. व्होल्टा आणि आसपासच्या नद्यांच्या खळाळत्या पाण्यात काळ्या माश्या वाढतात. त्यांच्या चाव्यातून एका कृमीचा संसर्ग होतो. त्याची पिल्लं कातडीत आणि डोळ्यांत शिरतात, आधी असह्य खाज आणि मग कायमचं आंधळेपण. नदीकाठची सुपीक जमीन सोडून गावंच्या गावं उठून खडकाळ माळावर गेली होती. जागतिक बँकेच्या मुख्यालयात या रोगाची आठवण म्हणून एक शिल्प आहे: काठीचं एक टोक मुलाच्या हातात, दुसरं आंधळ्या माणसाच्या.

१९७४ मध्ये जागतिक बँक, जागतिक आरोग्य संघटना, संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि अन्न व कृषी संघटना यांनी मिळून मोहीम सुरू केली. तिची खरी करामत वेळापत्रकात होती. हा कृमी माणसाच्या शरीरात पंधराएक वर्षं जगू शकतो. म्हणजे पाच वर्षं माश्या मारून थांबलं तर रोग्यांच्या अंगातल्या कृमींपासून सगळं पुन्हा सुरू होणार. म्हणून पहिल्यापासूनच हिशेब वीस वर्षांचा मांडला गेला. मुदत देणगीदारांच्या अर्थसंकल्पानं ठरवली नाही, कृमीच्या आयुष्यानं ठरवली. हेलिकॉप्टरमधून आठवड्याला एकदा नद्यांवर कीटकनाशक पडू लागलं. माश्या एका औषधाला सरावल्या, तेव्हा औषधं आलटून-पालटून वापरण्यात आली. नदीतले मासे आणि इतर जीव मरत नाहीत ना, हे पाहायला स्वतंत्र शास्त्रज्ञांचा गट होता. १९८७ मध्ये मर्क कंपनीनं आयव्हरमेक्टिन हे औषध लागेल तितकं, लागेल तितकी वर्षं मोफत देण्याचं जाहीर केलं. ते वाटणार कोण, तर गावानं निवडलेली माणसं. वजनकाटा नसला तरी अडत नाही. खुणा केलेल्या काठीपाशी माणसाला उभं करायचं, उंची ज्या खुणेला लागेल तितक्या गोळ्या द्यायच्या.

ही मोहीम २००२ मध्ये संपली. तोवर ११ देशांत सुमारे ६ लाख लोकांचं अंधत्व टळलं होतं आणि अडीच कोटी हेक्टर जमीन पुन्हा राहण्या-कसण्याजोगी झाली होती. पण मला महत्त्वाचं वाटतं ते यानंतरचं. जानेवारी २०२५ मध्ये नायजरमध्ये या रोगाचा प्रसार पूर्ण थांबल्यावर जागतिक आरोग्य संघटनेनं शिक्कामोर्तब केलं. आफ्रिकेतला तो असा पहिला देश. मोहीम बंद होऊन तेव्हा बावीस वर्षं झाली होती. नायजरच्या आरोग्य यंत्रणेनं औषधवाटप आणि पाहणी चालू ठेवली म्हणून हे घडलं. आरोग्य, भूक, जमीन अशी तीन-चार उद्दिष्टं एका कामात साधली गेली, आणि मोहीम सुरू झाली तेव्हा ही उद्दिष्टं लिहिलेलीही नव्हती.

नायजरचंच दुसरं उदाहरण आहे, आणि ते प्रकल्पवाल्यांनी रोज सकाळी आठवावं असं आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मराडी भागात टोनी रिनॉडो हा ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ झाडं लावत होता. बहुतेक रोपं मरत होती. मग त्याच्या लक्षात आलं की शेतात जी झुडपं म्हणून दरवर्षी छाटली जातात ती तोडलेल्या झाडांची खोडं आहेत आणि त्यांची मुळं जमिनीखाली जिवंत आहेत. नवं काही लावायची गरजच नव्हती. फुटव्यांतले चार-दोन जोमदार ठेवायचे, बाकीचे काढायचे आणि गुरांपासून सांभाळायचे. तिथे गाओ नावाचं एक झाड आहे, ते पावसाळ्यात पानं गाळतं. म्हणजे बाजरीला सावलीचा त्रास नाही आणि उन्हाळ्यात गुरांना पाला-शेंगा. शेतकऱ्यांना हे कळत नव्हतं असं थोडंच आहे? अडचण वेगळी होती. वसाहतकाळापासूनच्या कायद्यानं झाडावर मालकी सरकारची होती. झाड वाढवलं तर ते वनखात्याचं, आणि फांदी तोडली तर दंड. मग कोण कशाला झाड वाढवेल? ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून कायद्याची अंमलबजावणी सैल झाली, शेतातलं झाड शेतकऱ्याचं मानलं जाऊ लागलं, आणि तंत्र एका शेतातून दुसऱ्या शेतात पसरत गेलं. उपग्रहचित्रांवरून पुढे अंदाज निघाला: सुमारे ५० लाख हेक्टर, २० कोटी झाडं.

याच्या शेजारी 'हरित महाभिंत' ठेवून पाहा. सहाराच्या दक्षिण काठानं हिरवा पट्टा उभारण्याची ही घोषणा आफ्रिकी संघानं २००७ मध्ये केली, लक्ष्य २०३० पर्यंत १० कोटी हेक्टरचं. २०२० च्या आढाव्यात आखलेल्या पट्ट्यात सुधारलेली जमीन निघाली सुमारे ४० लाख हेक्टर. लगेच पुढच्या जानेवारीत पॅरिसच्या परिषदेत १,४०० कोटी डॉलरहून अधिकची आश्वासनं मिळाली. आता या योजनेतही नुसती रोपं लावण्याऐवजी असलेली मुळं जगवण्यावर भर येतो आहे, ही समाधानाची बाब. पण नायजरमध्ये जे घडलं त्याला ना कोनशिला होती, ना कुणा देणगीदाराच्या नावाचा फलक. त्यामुळे त्याची दखल घ्यायलाही जगाला वीसेक वर्षं लागली.

यावर कुणी म्हणेल, मग प्रकल्पाला अटी घाला, कायदे बदलायला लावा. तेही करून झालं आहे. चाड ते कॅमेरून हजार किलोमीटरहून लांब तेलवाहिनीला जागतिक बँकेनं २००० मध्ये पाठबळ दिलं. अट अशी की तेलाचा पैसा आरोग्य, शिक्षण, ग्रामविकास यांवर खर्च व्हावा आणि १० टक्के पुढच्या पिढ्यांसाठी बाजूला ठेवावा. चाडनं तसा कायदाही केला. २००३ मध्ये तेल वाहू लागलं. पैसा हाती येताच सरकारनं कायदा बदलला, सुरक्षा खर्च 'प्राधान्य क्षेत्रांत' घातला, भावी पिढ्यांचा निधी गुंडाळला. बँकेनं आधी हप्ते रोखले, मग तडजोड केली. २००८ मध्ये चाडनं कर्ज मुदतीआधी फेडलं आणि बँक बाहेर पडली. वॉशिंग्टनमध्ये लिहिलेला कायदा आणि शेतकऱ्याला हवा असलेला कायदा यांत हा फरक असतो. पहिल्याचा राखणदार तेलाचा पहिला धनादेश वटेपर्यंतच टिकतो.

स्थानिकांच्या हाती खरोखर काही आलं तर ते कसं दिसतं? नर्मदेवरच्या सरदार सरोवराचं उदाहरण मराठी वाचकाला नवं नाही. १९८५ मध्ये जागतिक बँकेनं ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं, विस्थापितांनी आंदोलन केलं, ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या स्वतंत्र समितीनं १९९२ मध्ये पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्हींवर कडक ताशेरे ओढले, १९९३ मध्ये कर्जाचा उरलेला भाग रद्द झाला. धरण शेवटी झालंच, देशाच्या पैशातून. पण १९९३ मध्येच बँकेत तपासणी मंडळ स्थापन झालं. प्रकल्पाचा फटका बसलेल्या कुठल्याही देशातल्या लोकांना थेट बँकेच्या दारात तक्रार नेण्याची सोय पहिल्यांदाच झाली. त्या मंडळाला दात किती, यावर वाद घालता येईल. तरी विकासाच्या इतिहासात नर्मदा खोऱ्यातल्या लोकांनी जगाला दिलेली ही भर कुठल्याही उद्दिष्टाच्या निर्देशकात मोजली जात नाही, हे मला खटकतं.

सर्वांत यशस्वी म्हणावा असा निधी कुठला, असं विचारलं तर मी ओझोन थराचा सांगेन. १९८७ च्या मॉन्ट्रिअल करारानंतर १९९० मध्ये त्याचा बहुपक्षीय निधी ठरला. फ्रीज, वातानुकूलन, फवारे यांतली ओझोनमारक रसायनं सोडताना विकसनशील देशांच्या कारखान्यांना जो जादा खर्च येईल तो या निधीतून द्यायचा. कार्यकारी समितीत सात जागा विकसित देशांच्या, सात विकसनशील देशांच्या. आजवर चारशे कोटी डॉलरहून अधिक रक्कम मंजूर झाली आणि ओझोनमारक रसायनांचा वापर ९८ टक्क्यांहून अधिक घटला. हे साधलं कारण कारखाना एकदा बदलला की परत जुन्या रसायनाकडे वळण्यात कुणाचा फायदा उरला नाही, आणि ते रसायन बाजारातूनच गेलं. शिवाय नियम श्रीमंत देशांनी आधी स्वतःला लावून घेतला. हवामानाच्या वाटाघाटींत नेमका हाच भाग गळतो. कोपनहेगनमध्ये २००९ साली २०२० पर्यंत वर्षाला १०,००० कोटी डॉलरचं वचन दिलं गेलं, ते पाळलं गेलं २०२२ मध्ये. त्यातला सार्वजनिक पैसा बहुतांश कर्जाच्या रूपात होता. पूर अडवायला घेतलेल्या कर्जाचे हप्ते फेडण्यासाठी दवाखान्याचा खर्च कापायचा, याला मदत म्हणायला जीभ रेटत नाही.

कर्जाचा मुद्दा जाता जाता सांगून संपणारा नाही, पण एक आकडा पुरेसा आहे: ३०० कोटींहून अधिक लोक अशा देशांत राहतात जिथे सरकार आरोग्यावर किंवा शिक्षणावर जितका खर्च करतं त्याहून जास्त व्याजावर करतं. हा हिशेब संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास विभागाचा आहे. अशा सरकारला 'प्रकल्प ताब्यात घ्या, आता देखभाल तुमची' असं सांगणं म्हणजे हात झटकणं.

आणि आता तर देणारेच हात आखडताहेत. २०२४ मध्ये अधिकृत मदत आधीच्या वर्षापेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी घटली. त्यातलाही साधारण आठवा हिस्सा श्रीमंत देशांनी आपल्याच भूमीवर निर्वासितांवर केलेला खर्च होता, जो नियमानं 'मदत' म्हणून मोजता येतो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं परदेशी मदतीची कामं थांबवण्याचे आदेश काढले. जुलैत यूएसएड ही संस्थाच बंद होऊन तिचं उरलेलं काम परराष्ट्र खात्यात गेलं. ब्रिटननं २०२७ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून ०.३ वर येण्याचं ठरवलं. संयुक्त राष्ट्रांचं ०.७ टक्क्यांचं लक्ष्य १९७० पासून तसंच पडून आहे.

इथे माझ्या कसोटीवर सर्वांत जोरदार आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. एचआयव्हीच्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात, आयुष्यभर. २००३ पासून अमेरिकेच्या निधीवर कोट्यवधी माणसं जगली. 'दहा वर्षांनी तुमच्या पायावर उभे राहिलात का' हा प्रश्न त्या रुग्णांना विचारणं क्रूर आहे. युद्धातल्या छावणीतल्या पाण्यालाही हा प्रश्न विचारू नये. आणखी असं की दहा वर्षांच्या निकालावर पैसे ठरवले, तर संस्था सोप्या जागा निवडतील आणि मोडलेल्या देशांकडे कुणी फिरकणार नाही. म्हणून जीव वाचवण्याची मदत या हिशेबाबाहेर ठेवावी, आणि तिला 'विकास' म्हणून मिरवूही नये. पण औषधांच्या बाबतीतही एक प्रश्न रचनेचा उरतोच: एका देशातली निवडणूक दुसऱ्या देशातला दवाखाना एका आठवड्यात बंद पाडू शकते, ही व्यवस्था वीस वर्षं तशीच का ठेवली गेली? लशींच्या बाबतीत 'गावी' (Gavi) या आंतरराष्ट्रीय लस संस्थेनं दुसरी वाट काढली. देशाचं उत्पन्न वाढेल तसा लशींच्या खर्चातला त्याचा वाटा वाढत जातो आणि एका टप्प्यावर मदत संपते. इंडोनेशिया या वाटेनं मदत घेणाऱ्यांच्या यादीतून बाहेर पडला आणि पुढे देणाऱ्यांच्या यादीत आला.

मग करायचं काय? माझ्या मते प्रत्येक प्रकल्पाच्या निधीतला पाचवा हिस्सा राखून ठेवावा आणि तो पूर्णत्वानंतर पाचव्या आणि दहाव्या वर्षी, वस्तू किंवा सेवा चालू असल्याची खात्री करून, ती चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेला द्यावा. पाचवाच का, याला शास्त्र नाही. देखभाल करणाऱ्याला टिकून राहावंसं वाटेल इतका तो असावा, एवढंच. तपासणी बांधणाऱ्यानं करू नये. हे फार क्रांतिकारक नाही. जपानची जायका ही संस्था काम पूर्ण झाल्यावर तीनेक वर्षांनी मूल्यमापन करते, श्रेणी देते आणि वाईट श्रेणीसुद्धा प्रसिद्ध करते. तीन वर्षं मला कमी वाटतात, पण निदान फीत कापल्यानंतर कुणीतरी परत जातं. निकाल दिसल्यावर पैसे देण्याची पद्धतही आहे: ब्राझीलचा ॲमेझॉन निधी २००८ पासून जंगलतोड घटल्यावर नॉर्वेकडून रक्कम घेतो, आणि ती कुठे खर्च करायची हे ब्राझीलची विकास बँक ठरवते. २०१९ मध्ये सरकार बदललं तेव्हा तो गोठला आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला, म्हणजे देशांतर्गत राजकारणापुढे त्याचंही चालत नाही. पण पैसा निकाल दिसल्यावरच येत असल्यानं, काम न करता पैसे उचलले, असं झालं नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या सप्टेंबर २०२४ च्या भविष्यविषयक करारात देशांनी ठरवलं आहे की २०३० नंतर काय, याचा विचार २०२७ च्या शिखर बैठकीत करायचा. तिथे नव्या उद्दिष्टांची यादी काढण्याचा मोह सगळ्यांना होईल. विकसनशील देशांनी त्याऐवजी देखभालीचा राखीव हिस्सा आणि ओझोन निधीसारख्या, पैसा वाटणाऱ्या समितीत अर्ध्या जागा या दोनच गोष्टींवर अडून बसावं, असं मला वाटतं.

विरोध होईल. तो देणगीदार देशांच्या मंत्र्यांकडून फारसा होणार नाही, कारण कमी पैशात जास्त टिकाऊ काम हे त्यांना त्यांच्या मतदारांसमोर मांडता येईल. तो होईल मधल्यांकडून: सल्लागार कंपन्या, मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्था, कंत्राटदार, ज्यांचा गाडा दर तीन वर्षांनी मिळणाऱ्या नव्या प्रकल्पावर चालतो. जुन्या हापशाच्या वॉशरमध्ये त्यांना आज काही मिळत नाही. दहा वर्षांच्या देखभालीचं कंत्राट निघालं, तर निविदा भरायला रांगेत पहिले हेच उभे राहतील. राहू देत.